जोसेकी पाठ म्हणजे गोचा पाया पक्का?

गो या पटावर काळे-पांढरे खडे मांडून खेळायच्या खेळात कोपऱ्यातल्या ठरावीक चाली, म्हणजे जोसेकी, पाठ केल्या की पाया पक्का होतो, असा जुना समज आहे. पण समोरच्याने क्रम मोडला की पाठांतर तिथेच संपतं. मग उपयोगी पडतं ते खड्यालगतचे रिकामे बिंदू मोजणं (मध्यात 4, कडेला 3, कोपऱ्यात 2), खडे जोडणं-तोडणं आणि दोन डोळे ओळखणं (जोडलेल्या खड्यांच्या गटाच्या आतले दोन वेगळे रिकामे बिंदू; ते असले की गट मारता येत नाही, म्हणजे तो जगतो).

पडताळून पाहा. प्रतिस्पर्ध्याने पूर्ण वेढलेल्या आपल्या गटात एका ओळीत 3 बिंदू रिकामे ठेवा: मधला बिंदू आपण आधी घेतला तर गट जगतो, प्रतिस्पर्ध्याने घेतला तर मरतो. ओळीत 4 असतील तर प्रतिस्पर्धी आधी खेळूनही गट जगतो, कारण मधल्या दोनांपैकी एक आपल्याला मिळतोच. तेच 4 चौकोनात असतील तर आपण आधी खेळूनही गट मरतो. हे खडे न मांडता दिसू लागलं की जोसेकीतली प्रत्येक चाल का आहे, तेही उलगडतं.