वॉरफॅरिनला म्हणे 'धक्का' बसतो!
जळगावला फार्मसी करत होतो तेव्हापासून ऐकतोय, वॉरफॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या गोळीसोबत फिनाइलब्युटाझोन ही दुखण्यावरची गोळी घेतली की ती वॉरफॅरिनला अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनावरून ढकलते अन् म्हणून रक्तस्राव होतो. रक्तस्राव खरा हो भाऊ, कारण चुकीचं. वॉरफॅरिन 99 टक्के अल्ब्युमिनला चिकटलेली, काम करते ती उरलेली 1 टक्का. लॅबमध्ये फक्त मोकळं औषध पार जाईल अशा पडद्याच्या एका बाजूला प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग), दुसरीकडे बफर (प्रथिन नसलेलं द्रावण), 37 अंशाला ठेवून मोकळं औषध मोजलं तर धक्का दिसतो, पण त्या डबीत लिव्हर कुठंय? अंगात सुटलेलं औषध लिव्हर साफ करत राहतं, मोकळ्या औषधाची रक्तातली पातळी परत जागेवर येते. खरी गोची म्हणजे फिनाइलब्युटाझोन लिव्हरमधलं वॉरफॅरिन मोडणारं एन्झाइमच अडवते.