बालपणाचे कलाछायाचित्र : प्रकाश आणि भाव

मुलाची ओळख किंवा प्रसंगाची नोंद यांपेक्षा छायाप्रकाशातून भावावस्था उभी करणाऱ्या छायाचित्राला बालपणाचे कलाछायाचित्र म्हणता येईल. यात मुलाचा चेहरा पुष्कळदा निर्विकार किंवा वळलेला असतो. ‘उदास’, ‘स्वप्निल’ ही विशेषणे पाहणारा बहुधा प्रकाशावरून लावतो. म्हणून भावार्थ लावण्यापूर्वी उजेड कोणत्या बाजूने येतो, सावलीची कड कितपत मऊ आहे आणि काळोखात तपशील उरला आहे का, हे पाहणे इष्ट.

या परंपरेचा आरंभ साधारणपणे १८५०–७० दरम्यानच्या इंग्लंडमध्ये मानतात. कोलकात्यात जन्मलेल्या जुलिया मार्गारेट कॅमेरन (१८१५–७९) यांनी जानेवारी १८६४ मध्ये टिपलेले ‘ॲनी’ हे लहान मुलीचे चित्र त्यांनी स्वतः आपले पहिले यश मानले. त्यांच्या चित्रांतील धूसरपणाच्या उगमाविषयी मात्र मतभेद आहेत. तत्कालीन टीकाकारांना त्यात अकुशलता दिसली. काही अभ्यासक भिंगाचा दोष पुढे करतात : ओल्या कोलोडियनची काच (प्रकाशसंवेदी रसायनाचा ओला थर दिलेली, फिल्मच्या जागी वापरली जाणारी काच) प्रामुख्याने निळ्या, जांभळ्या व अतिनील किरणांना प्रतिसाद देते, तर डोळा पिवळ्या-हिरव्या प्रकाशात रेखीवपणा जोखतो, वर्णदोष (वेगवेगळ्या रंगांचे किरण वेगवेगळ्या अंतरावर एकवटण्याचा दोष) पुरता न काढलेल्या भिंगात हे दोन केंद्रबिंदू एकत्र येत नाहीत. शिवाय उद्भासन, म्हणजे काचेवर प्रकाश पडू देण्याचा वेळ, लांबल्यामुळे मूल किंचित हलले तरी कडा विरघळत. १८७४ च्या आठवणींत कॅमेरन यांनी सुरुवातीचा धूसरपणा योगायोगाचा म्हटला आहे. पण जिथे प्रतिमा सुंदर दिसली तिथेच आपण थांबलो, असेही त्या सांगतात. पुढे भिंग बदलल्यावरही मऊपणा टिकला, हे लक्षात घेता हा धूसरपणा हेतुपुरस्सर होता, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अगदी आरंभीच्या चित्रांना ते तितकेसे लागू पडत नाही.

हा तांत्रिक तपशील अर्थनिर्णयाला थेट भिडतो. कोलोडियनवर गालांची लाली गडद व निळे डोळे फिकट उतरतात. हसू दीर्घकाळ टिकवणे मुलाला अवघड जाते. त्यामुळे त्या काळच्या चेहऱ्यांवरील गांभीर्य सर्वस्वी मनोभावाचे समजणे धोक्याचे आहे.

१८९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत गर्ट्रूड केसबियर व क्लॅरेन्स व्हाइट या छायाचित्रकारांनी खिडकीचा मंद उजेड आणि प्लॅटिनम मुद्रणातील (प्लॅटिनमच्या क्षारांनी कागदावर छाप उठवण्याच्या पद्धतीतील) करड्या छटांची सलग उतरण घरगुती बालचित्रांसाठी वापरली.

मुलांच्या पलीकडून कॅमेऱ्याकडे येणाऱ्या उजेडाचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकन छायाचित्रकार यूजीन स्मिथ यांचे १९४६ चे छायाचित्र : गडद झाडीतून उजेडाकडे निघालेली, पाठमोरी दोन मुले. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील ‘द फॅमिली ऑफ मॅन’ प्रदर्शनाचा शेवट याच चित्राने झाला. स्मिथ दुसऱ्या महायुद्धातील जखमांतून सावरत होते, ही माहिती चित्राला आशेचा अर्थ देते. तो चित्राबाहेरून आलेला आहे. चित्रात दिसते ती केवळ काळ्या चौकटीतली उजळ मोकळी जागा आणि तिच्याकडे वळलेली पावले.

रंगीत छायाचित्रात सावलीइतकेच वजन रंगछटेला येते. तिरप्या उन्हाचा पिवळेपणा तिथे स्मरणरंजनाची खूण म्हणून वाचला जातो.