वॉलपेपर लावायचा? दिवाळी होऊन जाऊ द्या

नाशकात घराला रंग द्यायची वेळ ठरलेली आहे. नवरात्र संपलं की रंगारी शोधायचा आणि वसुबारसेच्या आत घर आवरून घ्यायचं. रंगाचं त्यात कसंबसं निभावतं. वॉलपेपरचं निभावत नाही, कारण ऑक्टोबरात भिंत हाताला कोरडी लागली तरी पोटात ओल धरून असते.

पावसाळी वारा इथे पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो, त्यामुळे झडीचा मारा पश्चिमेच्या भिंतीवर जास्त. वीट आणि प्लास्टर यांच्या आत केसाहून बारीक छिद्रांचं जाळं असतं. पाणी त्यात आपणहून ओढलं जातं, बाहेर पडताना मात्र वाफ होऊन, सावकाश पडतं. इंचभर जाडी वाळायला महिना, असा बांधकामातला ढोबळ हिशेब आहे. नऊ इंची भिंत काही पूर्ण भिजत नाही, तरी दसरा ते दिवाळी एवढा काळ तिला अपुराच. डिसेंबर-जानेवारीत इथली हवा कोरडी असते आणि मे महिन्यासारखी भाजतही नाही. काम तेव्हा काढावं.

ओल तपासायला यंत्र लागत नाही. हातभर ॲल्युमिनियम फॉइल भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दुसऱ्या दिवशी काढा. फॉइलच्या मागच्या बाजूला दमटपणा असेल तर पाणी भिंतीतून येतंय. पुढच्या बाजूला असेल तर ते खोलीतल्या हवेतलं, आणि त्यावर खिडकी उघडणं हाच उपाय.

पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये पाणी खालून चढतं. पायातली ओल मीटरभर वर येते आणि येताना विरघळलेले क्षार घेऊन येते. पाणी उडून जातं, क्षारांचे स्फटिक छिद्रांमध्ये वाढतात आणि त्यांच्या दाबाने प्लास्टर भुसभुशीत होतं. हाच लोणा. तो खरवडून वर पुट्टी भरणं म्हणजे पुढच्या वर्षीच्या पापुद्र्यांची तयारी. अशा भिंतीचा चुन्याचा गिलावा निदान ओल बाहेर सोडतो, त्याला कागदाने गुदमरवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पाथर्डी फाटा, गंगापूर रोडकडच्या नव्या फ्लॅटांची अडचण वेगळी. ताज्या सिमेंटच्या प्लास्टरमध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइड असतं आणि त्याचा सामू १२ ते १३, म्हणजे चांगलाच अल्कधर्मी. वॉलपेपरवरचे काही रंग त्याने फिके पडतात किंवा डागाळतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड या हायड्रॉक्साइडचं हळूहळू कार्बोनेट करतो आणि भिंतीचा पृष्ठभाग निवळतो. तो निवळला का, हे हळद सांगते. टीपकागदाची पट्टी हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा, उघड्या प्लास्टरवर थोडं पाणी लावा आणि पट्टी दाबून धरा. पट्टी लालसर झाली तर थांबा. (हळदीत चुना घालून कुंकू करतात, त्यातलं रसायन हेच.) ती पिवळीच राहिली तर पुढच्या कामाला हरकत नाही.

जुना रंग असेल तर भिंतीवर पाण्याचा थेंब सोडून बघा. ऑइल पेंटवर तो मण्यासारखा उभा राहतो, म्हणजे पेस्टही तिथे नीट पसरणार नाही. पॉलिश पेपर मारून चकाकी घालवावी लागेल. डिस्टेंपर थेंब गटकन पितो आणि हाताला भुकटी लागते. या भुकटीवर लावलेला कागद भिंतीला चिकटतच नाही, भुकटीला चिकटतो. ती ओल्या फडक्याने पुसून प्रायमर मारला की भिंत सगळीकडे सारखंच पाणी शोषते.

पेस्ट म्हणजे पूर्वीची खळ. मैदा किंवा स्टार्च पाण्यात शिजवला की ६० ते ७० अंशांच्या आसपास त्याचे कण फुगून फुटतात आणि चिकटपणा येतो. झुरळं आणि कसर यांना ही मेजवानी, म्हणून बुकबाइंडर खळीत मोरचूद घालत. आता बाजारात मिळते ती पावडर बहुधा मिथाइल सेल्युलोजची असते आणि तिचा स्वभाव उलटा आहे. ती थंड पाण्यात विरघळते, तापवली की घट्ट होते, निवली की पुन्हा पातळ. दोन्हींत बहुतांश पाणीच असतं, आणि साध्या कागदी वॉलपेपरची सगळी गंमत या पाण्यामुळे होते.

कागदाचे धागे भिजल्यावर लांबीपेक्षा जाडीत जास्त फुगतात. बहुतेक धागे रोलच्या लांबीच्या दिशेने असल्यामुळे पट्टा रुंदीत वाढतो. रोल ५३ सेंटिमीटर रुंद असतो. वाढ एक टक्का धरली तरी ती पाच मिलिमीटर झाली. म्हणून पेस्ट लावून पट्टा घडी करून पाच-दहा मिनिटं ठेवायचा, आणि प्रत्येक पट्ट्याला तेवढाच वेळ द्यायचा. नाहीतर तो भिंतीवर गेल्यावर वाढतो आणि फुगे धरतो. नॉन-वोव्हन प्रकारात पॉलिस्टरचे धागे मिसळलेले असतात, तो फुगत नाही. पेस्ट थेट भिंतीला लावून कोरडा पट्टा चढवता येतो. पहिल्यांदाच करणाऱ्याने हाच घ्यावा.

पहिला पट्टा ओळंब्याने आखलेल्या रेषेवर लावा, कोपऱ्याच्या भरवशावर नको, कारण कोपरे क्वचितच सरळ असतात. स्विचबोर्डाजवळ ओली पेस्ट वीज वाहून नेते, तेव्हा मेन स्विच आधी बंद. वाळवण्यासाठी पंखा फुल करू नका. उन्हात टाकलेल्या पापडासारख्या कडा आधी वाळून वळतात आणि सांधे उघडतात. रात्री दिसणारे बारीक फुगे सकाळपर्यंत कागद आकसून बहुतेक जातात. लगेच सुई टोचायची घाई नको.

दुकानात गळ्यात मारतात तो विनाइलचा, पुसता येणारा. त्याच्यातून वाफ जात नाही, त्यामुळे पेस्टचं पाणी भिंतीतच शिरावं लागतं. मागे ऑइल पेंट असेल तर तीही वाट बंद, आणि अडकलेल्या ओलीवर बुरशी येते. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या वॉलपेपरांमध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ साली शोधलेला हिरवा रंग असे, म्हणजे तांबं आणि आर्सेनिक यांचं संयुग. ओलसर खोल्यांत बुरशी त्यातून लसणासारख्या वासाचा आर्सेनिकयुक्त वायू तयार करू शकते, हे इटलीच्या गोसिओ या संशोधकाने दाखवलं. आजच्या वॉलपेपरात आर्सेनिक नसतं, पण बुरशीला लागणारी ओल आणि खळ आपण तिला अजूनही पुरवतो. स्वयंपाकघराच्या कोरड्या भिंतीवर विनाइल चालेल. पश्चिमेच्या भिंतीवर वाफ जाऊ देणारा नॉन-वोव्हन बरा, आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला नुसता रंगच द्यावा.