नऊ क्युबिट आणि वर्महोलची बातमी

नोव्हेंबर 2022 च्या शेवटी बातमी फिरली की शास्त्रज्ञांनी क्वांटम कॉम्प्युटरमधे वर्महोल, म्हणजे अवकाशातल्या दोन दूरच्या जागा जोडणारा बोगदा, बनवलं. अजूनही अधूनमधून कुणीतरी ती फॉरवर्ड करतं आणि खाली हमखास विचारलेलं असतं की आता टाइम ट्रॅव्हल कधी.

पेपर 'नेचर'मधे आला होता, करणारी माणसं कॅलटेक, हार्वर्ड, गूगलची, त्यामुळे हे काहीतरी उडवाउडवीचं काम होतं असं अजिबात नाही. पण झालं काय ते तरी बघा. गूगलच्या सायकामोर या क्वांटम चिपवरचे 9 क्युबिट (क्वांटम कॉम्प्युटरचे बिट) घेतले, त्यावर 164 गेट्स (एका वेळी दोन क्युबिटवर होणाऱ्या क्रिया) चालवली, क्युबिटचे दोन गट एकमेकांत एन्टँगल केले, म्हणजे क्वांटम नात्याने बांधले, एका गटात माहिती सोडली आणि ती दुसऱ्या गटातून बाहेर आली. बस. अवकाशात कुठेही भोक पडलं नाही, आणि प्रकाशापेक्षा वेगात काही गेलं नाही.

मग वर्महोल आलं कुठून? तर मालदासेना या भौतिकशास्त्रज्ञाने 1997 मधे एक कल्पना मांडली की काही क्वांटम सिस्टिम्स, ज्यांच्यात गुरुत्वाकर्षण नावालाही नाही, त्यांचं गणित आणि एक मिती जास्त असलेल्या गुरुत्वाकर्षणवाल्या विश्वाचं गणित हे एकच आहे. म्हणून क्युबिटच्या एका गटातून दुसऱ्यात गेलेली माहिती त्या दुसऱ्या विश्वाच्या भाषेत वर्महोलमधून गेली असं म्हणता येतं. कल्पना सुंदर आहे आणि तिच्या बाजूने पुरावेही खूप आहेत, पण ती अजून सिद्ध झालेली नाही. शिवाय पलीकडचं ते विश्व आपलं नव्हेच, आपलं विश्व वाढत्या वेगाने प्रसरण पावतंय हे 1998 पासून माहितीये आणि या गणितातलं विश्व तसं नसतं. या प्रयोगातल्या विश्वाला तर फक्त एक लांबी आणि एक वेळ, एवढंच!

खरी गोची पुढे आहे. ज्या मॉडेलवर हे बेतलंय ते सचदेव-ये-किताएव मॉडेल, म्हणजे एकमेकांवर परिणाम करणाऱ्या क्वांटम कणांचं एक गणिती मॉडेल, आणि त्यात गुरुत्वाकर्षणासारखं वागणं दिसतं ते कणांची संख्या प्रचंड असेल तेव्हा. इथे मशीन लर्निंगने त्या मॉडेलचं समीकरण छाटत छाटत फक्त 5 पदांवर आणलं. फेब्रुवारी 2023 मधे कोब्रिन, शुस्टर आणि याओ या भौतिकशास्त्रज्ञांनी लिहिलं की या छाटलेल्या मॉडेलमधे थर्मलायझेशनच होत नाही, म्हणजे ब्लॅक होलसारख्या सिस्टिममधे माहिती जशी सगळीकडे विरघळून जाते तसं इथे घडत नाही, आणि मूळ मॉडेलशी साम्य दिसतं तेही ट्रेनिंगला वापरलेल्या कणांपुरतंच. मूळ लेखकांना हे मान्य नाही, त्यांनी उत्तरही दिलं. मला मात्र आक्षेप पटतो.

आणि 9 क्युबिट म्हणजे 512 आकड्यांचा हिशोब, साधा लॅपटॉप सहज करतो. मग लॅपटॉपवर तेच गणित चालवलं की तिथेही वर्महोल झालं म्हणायचं का? याला कुणी 'हो' म्हणत असेल तर हेडलाइनमधेही तसंच लिहायला हवं होतं, आणि 'नाही' म्हणत असेल तर चिपवर वेगळं असं नेमकं काय घडलं ते सांगायला हवं.