लाइनबॅकर (अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉल)

अमेरिकन फुटबॉलमध्ये बचाव करणाऱ्या संघाच्या आघाडीच्या फळीमागे चार-पाच यार्डांवर उभा राहणारा खेळाडू. चेंडू घेऊन धावणाऱ्याला अडवणे, जवळच्या पासवर नजर ठेवणे आणि संधी मिळताच क्वार्टरबॅकवर, म्हणजे चढाई चालवणाऱ्या व पास फेकणाऱ्या खेळाडूवर, चाल करून जाणे ही तिन्ही कामे त्याच्याकडे असतात. बचावाची मांडणी मैदानावर सहकाऱ्यांना ओरडून सांगणारा खेळाडूही बहुधा हाच. हे स्थान विद्यापीठांच्या संघांत घडले आणि व्यावसायिक नॅशनल फुटबॉल लीगला, म्हणजे एनएफएलला, हे खेळाडू आजही मुख्यतः तेथूनच मिळतात.

उगमाविषयी एकमत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी दोन्ही संघांचे सेंटर, म्हणजे चढाईत फळीच्या मध्यभागी राहून चेंडू मागे देणारे खेळाडू, समोरासमोर फळीतच वाकून उभे राहत. बचावाच्या वेळी फळी सोडून मागे सरकणारा पहिला सेंटर म्हणून बहुतेक लेखक मिशिगन विद्यापीठाच्या अडॉल्फ ‘जर्मनी’ शुल्झ याचे नाव घेतात. इंडियाना राज्यातील फोर्ट वेनचा हा धिप्पाड खेळाडू 1904 ते 1908 या काळात, 1906 चा हंगाम वगळता, प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांच्या संघात होता. त्याने जागा सोडलेली पाहून योस्ट यांनी आधी हरकत घेतली आणि परिणाम दिसल्यावर ती सोडून दिली, अशी कथा सांगतात. कथा म्हणून ती पटण्यासारखी आहे. मात्र तिला एखाद्या सामन्याची तारीख जोडणे धाडसाचे ठरेल. शुल्झच्या आधी लाफायेट महाविद्यालयाच्या वॉल्टर बॅकमन याने, साधारण 1900 च्या सुमारास, असाच खेळ केल्याचे काही जण मानतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा अर्नेस्ट कोझेन्स याचेही नाव येते. लष्करी अकादमीच्या एडगर गार्बिश याला 1921 मध्ये ‘रोव्हिंग सेंटर’ पद्धतीचे श्रेय दिले गेले, पण ते मूळ शोधापेक्षा पद्धत पक्की करण्याचे असावे.

या वादात 1906 चा नियमबदल बराचसा दुर्लक्षित राहतो. त्या वर्षी पुढे पास फेकण्यास परवानगी मिळाली आणि फळीला खिळलेला सेंटर बचावासाठी अपुरा पडू लागला. त्यामुळे निरनिराळ्या ठिकाणी अनेकांना हा मार्ग स्वतंत्रपणे सुचला असणे अधिक संभाव्य वाटते. शुल्झचे 1907 व 1908 चे हंगाम या बदलानंतरचे आहेत. जनकत्वापेक्षा प्रसाराचे श्रेय त्याला देणे सयुक्तिक होय.

व्यावसायिक खेळात न्यूयॉर्क जायंट्सच्या 1927 च्या विजेत्या संघातील कॅल हबर्ड याला या स्थानाचा आद्य प्रवर्तक म्हणतात. मधल्या लाइनबॅकरचा जन्म साधारणपणे 1954 मध्ये मानला जातो. फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्धच्या सामन्यात शिकागो बेअर्सचा मिडल गार्ड, म्हणजे बचावाच्या फळीच्या मध्यभागी खेळणारा, बिल जॉर्ज फळीतून उठून मागे उभा राहिला, असा हा वृत्तांत आहे. क्लीव्हलँडचा बिल विलिस त्याआधीच अधूनमधून मागे सरकत असे, हेही लक्षात घ्यावे लागते. जायंट्सचे बचाव-प्रशिक्षक टॉम लँड्री यांनी 1956 पासून सॅम हफभोवती 4-3 रचना, म्हणजे फळीत चार व मागे तीन लाइनबॅकर, बांधली आणि हे स्थान पक्के झाले. खेळाडू बदलण्यावर निर्बंध होते तोवर एकच माणूस चढाईत सेंटर व बचावात लाइनबॅकर असे. पेनसिल्व्हेनियाचा चक बेडनारिक, 1949 च्या ड्राफ्टमधील (एनएफएल संघांनी महाविद्यालयीन खेळाडू क्रमाने निवडण्याच्या प्रक्रियेतील) पहिली निवड, हा त्या परंपरेचा शेवटचा मोठा प्रतिनिधी. महाविद्यालयांत 1965 पासून खेळाडू बदलणे मोकळे झाले व दोन्ही कामे कायमची वेगळी झाली.

4-3 रचनेत मधल्याला माइक, चढाईच्या भक्कम (जास्त खेळाडू असलेल्या) बाजूच्या खेळाडूला सॅम आणि दुबळ्या बाजूच्या खेळाडूला विल म्हणतात. माइकचे पहिले पाऊल समोरच्या गार्डवर, म्हणजे चढाईच्या फळीत सेंटरशेजारी असणाऱ्या खेळाडूवर, ठरते. गार्ड खालून पुढे झेपावला तर धाव, ताठ होऊन मागे सरला तर पास; तो फळीमागून आडवा पळू लागला तर माइकनेही त्याच दिशेने धावायचे. हे सारे चेंडू सुटल्यावर क्षणार्धात ओळखावे लागते. चढाई करणारे संघ हे जाणून असतात, म्हणून पासचा खेळ धावेसारखा सुरू करून त्याला फसवतात. एनएफएलने 2008 पासून बचावातील एका खेळाडूच्या शिरस्त्राणात रेडिओ बसवण्यास परवानगी दिली. वरच्या स्तरावरील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये ती 2024 मध्ये मिळाली.

महाविद्यालयीन कीर्ती व्यावसायिक यशाची हमी देत नाही, हे या स्थानाबाबत विशेष ठळकपणे दिसते. सर्वोत्तम लाइनबॅकरसाठी 1985 पासून शिकागो बेअर्सचे लाइनबॅकर डिक बटकस यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. पहिली दोन्ही वर्षे तो ओक्लाहोमाच्या ब्रायन बॉसवर्थने मिळवला. खांद्याच्या दुखापतीमुळे त्याची सिएटलमधील कारकीर्द अवघ्या 24 सामन्यांत संपली. नॉर्थवेस्टर्नचा टिम मॅकगॅरिगल 2005 अखेर 545 टॅकलसह (प्रतिस्पर्ध्याला पकडून पाडण्याच्या नोंदींसह) अधिकृत नोंदींत सर्वांच्या पुढे होता, तरी 2006 च्या ड्राफ्टमध्ये त्याचे नाव सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत आले. उलट टेक्सास टेकचा झॅक थॉमस पाचव्या फेरीतून, तर माँटक्लेअर स्टेटचा सॅम मिल्स निवडीविनाच हॉल ऑफ फेमपर्यंत, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या कीर्तिमंदिरापर्यंत, पोहोचला. टॅकलची संख्या संघ किती वेळ बचावात राहतो यावरही अवलंबून असते, म्हणून निवडकर्ते तिच्यापेक्षा चित्रफितींना आणि इंडियानापोलिसच्या चाचणी शिबिरातील 40 यार्ड धावेला अधिक वजन देतात. बोस्टन कॉलेजच्या ल्यूक कीक्लीने मात्र महाविद्यालयात आणि व्यावसायिक खेळातही स्वतःला सिद्ध केले: तीन हंगामांत 532 टॅकल, 2012 मध्ये नववी निवड आणि 2013 मध्ये एनएफएलचा सर्वोत्तम बचावपटू. त्याने 28 व्या वर्षीच निवृत्ती घेतली.

दुखापतीने संधी कशी हुकते याचे सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण नोत्र दामच्या जेलन स्मिथचे. 2015 चा बटकस पुरस्कार घेऊन तो 1 जानेवारी 2016 रोजी ओहायो स्टेटविरुद्ध फिएस्टा बोल या हंगामअखेरच्या महाविद्यालयीन सामन्यात उतरला. पहिल्याच सत्रात डाव्या गुडघ्याचे दोन अस्थिबंध तुटले, मज्जातंतूलाही इजा झाली आणि पाऊल वर उचलणे कठीण झाले. अग्रक्रमाच्या निवडींत धरला गेलेला हा खेळाडू 34 व्या क्रमांकापर्यंत घसरला. त्याला घेणाऱ्या डॅलसच्या संघ-शल्यविशारदानेच त्याच्यावर शस्त्रक्रिया केली होती. पहिला हंगाम त्याने पूर्णपणे मैदानाबाहेर काढला, 2017 मध्ये तो मैदानात परतला आणि 2019 मध्ये प्रो बोल या एनएफएलच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. स्मिथच्या वेळी महाविद्यालयीन खेळाडूला आपल्या नावावर पैसे कमावण्याची मुभा नव्हती. ती 1 जुलै 2021 पासून मिळाली. ड्राफ्टसाठी माध्यमिक शाळेनंतर तीन वर्षे लोटावी लागतात, ही अट कायम आहे. त्या तीन वर्षांत विनामोबदला खेळून गुडघा गमावण्याचा जो धोका तरुणांच्या माथी होता, तो पाहता हा बदल फार आधी व्हायला हवा होता.

डोक्याला बसणाऱ्या मारामुळे काहींनी स्वतःहून खेळ सोडला. विस्कॉन्सिनचा ख्रिस बोर्लंड 2014 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोसाठी एकच हंगाम खेळला व मार्च 2015 मध्ये बाहेर पडला.

भारतीय वंशाच्या खेळाडूंपैकी यूसीएलएचा (लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा) लाइनबॅकर ब्रँडन चिल्लर 2004 मध्ये चौथ्या फेरीत सेंट लुईस रॅम्सकडे गेला व पुढे ग्रीन बे पॅकर्सकडून खेळला. 2011 मध्ये जाहीर झालेल्या एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियाच्या पाठीराख्यांत तो होता; त्या लीगमध्ये पुणे मराठाज हा संघ होता.