गॅस चेक : ओतीव गोळीच्या बुडाची वाटी

ओतीव शिशाच्या गोळीच्या बुडावर घट्ट बसवलेल्या तांब्याच्या, पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या छोट्या वाटीला गॅस चेक म्हणतात. रायफलच्या गोळीची ही वाटी करंगळीच्या नखाहून लहान असते आणि तिचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. ती बसावी म्हणून साच्यातच गोळीच्या बुडाशी एक बारीक पायरी सोडलेली असते.

खानदेशातल्या गावात ज्याने हापसा उघडलेला पाहिला आहे, त्याला ही कल्पना नवी नाही. दट्ट्यावरचा वाटीसारखा वायसर झिजला की पाणी कडेने खाली उतरते आणि कितीही दांडा मारला तरी धार लागत नाही. बंदुकीच्या नळीतही कडच सांभाळायची असते. फरक तोंडाच्या दिशेचा आहे. वायसरचे तोंड पाण्याच्या दाबाकडे असते, तर गॅस चेकचे तोंड गोळीला धरून बसते आणि बंद बूड दारूच्या बाजूला राहते.

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि दारूचा वायू त्याहून कितीतरी तापलेला असतो. म्हणून वाटी नसेल तर बूड वितळते, असे सर्रास सांगितले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. वायूचा स्पर्श सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता असतो. तेवढ्यात सगळे बूड पातळ होत नाही. खरे नुकसान कडेला होते. जिथे गोळी आणि नळी यांच्यात फट राहते, तिथून वायू जोराने घुसतो, शिसे कोरून काढतो आणि ते नळीच्या आतल्या आट्यांत, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचांत, चिकटते. नेम बिघडण्याचे आणखी एक कारण बुडातच असते : नळीतून सर्वांत शेवटी बूड बाहेर पडते, आणि ते एका बाजूला खचलेले असेल तर वायूचा धक्का तिरका बसतो. मऊ शिशाची साधी गोळी साधारणपणे सेकंदाला ४५० मीटरच्या खालीच नीट चालते. वाटी लावलेली, कठीण मिश्रणाची गोळी ६०० मीटरपर्यंत आणि त्यापुढेही नेता येते.

वायू अडवण्याची गरज जुनीच. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी यांच्यामध्ये कागदाचा किंवा चिंधीचा बोळा ठासत. १८२५ मध्ये ब्रिटिश अधिकारी जेम्स औट्रमने खानदेशात भिल्ल पलटण उभारली, तो काळ अशाच बंदुकांचा होता. धातूची वाटी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आली; गोळ्या ओतण्याची अवजारे बनवणाऱ्या आयडियल कंपनीच्या जॉन बार्लोचे नाव तिच्याशी जोडले जाते.

गोळीचे शिसे कठीण करण्यासाठी त्यात कथील आणि अँटिमनी हा ठिसूळ धातू मिसळतात. छापखान्यातल्या लायनोटाइपचा, म्हणजे छपाईच्या ओळी ओतणाऱ्या यंत्राचा, धातू यासाठी नावाजलेला : ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील.

अमेरिकेत हौशी नेमबाज ही वाटी घरीही करतात. पत्र्यातून टिकली पाडायची आणि ती ठशात दाबून वाटीला आकार द्यायचा, एवढेच दिसायला काम. पण पत्रा फार पातळ असला तर वाटी सैल बसते, आणि कडक असला तर दाब काढताच कड परत उघडते किंवा तिला चुण्या पडतात. तांब्याचा हा स्वभाव तांबटाला सांगावा लागत नाही. मठारताना ठोके पडतील तसे तांबे ताठत जाते आणि पुन्हा ताव दिला की नरम होते. लोखंडासारखे ते पाण्यात बुडवून कडक होत नाही. सैल वाटी हा केवळ कारागिरीचा दोष नाही. ती उडत्या गोळीपासून सुटली तर नेम जातो, आणि नळीतच अडकून राहिली तर पुढच्या बाराला नळी फुटण्याचा धोका असतो. शिसे ओतणाऱ्याने धुराची आणि हाताला लागलेल्या शिशाची धास्ती बाळगलीच पाहिजे. लहान मुलांना तर त्या जागेजवळही फिरकू देऊ नये.

भारतात ही घरगुती हौस नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दारूगोळ्याचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही दारूगोळ्यातच मोडतात, आणि परवान्याशिवाय ते बनवणे गुन्हा आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना असला तरी त्यात बनवण्याची परवानगी येत नाही.

खानदेशात गोळ्या बनतात त्या भुसावळ तालुक्यातल्या वरणगावला. १९६४ पासूनचा तिथला आयुध कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. लष्करी गोळीला धातूचे कवच असते, त्यामुळे तिला गॅस चेक लागत नाही. मात्र असे कवचही टिकलीपासूनच सुरू होते : टिकलीची वाटी होते आणि ती वाटी ओढत ओढत लांब केली जाते.