प्रकाशाच्या प्रकीर्णनाने हवेतील सूक्ष्मकणांचे मापन

हवेत तरंगणाऱ्या घन वा द्रव कणांवर प्रकाश टाकून, त्यांनी तो किती आणि कोणत्या दिशेला विखुरला यावरून त्यांची संख्या व आकारमान काढण्याची ही पद्धत आहे. सोलापूरच्या पूर्व भागातील एखाद्या यंत्रमाग कारखान्यात पत्र्याच्या फटीतून उन्हाचा कवडसा उतरला की त्यात सुताचे बारीक तंतू चमकताना दिसतात आणि कवडशाबाहेर जाताच दिसेनासे होतात. उपकरणातील लेसर किरण हा मुळात असाच कवडसा असतो. अशाच कवडशात दिसणाऱ्या रजाला आपल्या प्राचीन परंपरेने त्रसरेणू म्हटले आणि वजनमापाची सुरुवात तेथून केली, हे येथे मुद्दाम नोंदवण्याजोगे आहे.

कण तरंगलांबीच्या मानाने फार लहान असेल, तर ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी १८७१ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात बदलते. व्यास निम्मा झाला की प्रकाश ६४ पटींनी घटतो, एक दशांश झाला की १० लाख पटींनी. तरंगलांबीच्या जवळपास आकारमान असलेल्या गोल कणांसाठी जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्ताव मी यांचे १९०८ चे गणित वापरतात. व्यासाबरोबर होणाऱ्या प्रकाशाच्या या घसरणीमुळे साध्या प्रकाशीय कणगणकाला सुमारे ०.३ मायक्रोमीटरहून (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण दिसत नाहीत. नॅनोकण मोजायचे असल्यास हवा आधी ब्यूटेनॉल या अल्कोहोलच्या बाष्पातून नेऊन थंड करतात; बाष्प कणावर साचते, काही नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग) कणाचा मायक्रोमीटरभर जाडीचा थेंब होतो आणि तो लेसरला सहज दिसतो. मात्र यात मूळ आकारमान हरवते, म्हणून कण त्याआधीच विद्युतक्षेत्रातून नेऊन आकारमानानुसार निवडून घ्यावे लागतात.

पर्जन्यछायेतील सोलापूर परिसरात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘कायपीक्स’ या मेघबीजन (पाऊस पाडण्यासाठी ढगात कण सोडणे) प्रयोगाचा चौथा टप्पा २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यात राबवला. अशा अभ्यासात ढगातील थेंब मोजणारी विमानावरील उपकरणेही थेंबाने पुढच्या दिशेला विखुरलेला प्रकाशच टिपतात.

या पद्धतीत प्रकाश प्रत्यक्ष मोजला जातो, व्यास मात्र अनुमानाने निघतो. उपकरणे बहुधा पॉलिस्टायरीनच्या गोल मण्यांवर प्रमाणित केलेली असतात, तर सुताचा तंतू लांबट असतो आणि काजळीचा प्रणमनांक (प्रकाश किती वाकतो हे दाखवणारा अंक) निराळा असतो. दमट हवेत पाणी शोषून फुगलेले कण अधिक प्रकाश विखुरतात, त्यामुळे स्वस्त संवेदक पावसाळ्यात धूळ वाढवून दाखवतात. म्हणून त्यांचे आकडे गाळणकागदावर जमलेल्या धुळीच्या वजनाशी वेळोवेळी ताडून पाहावे लागतात.